बुडालेल्याचा श्वास : वसई-विरार किनारपट्टीच्या संदर्भात प्रथमोपचार प्रशिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना :

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग अशा चौकटीत वसईचा प्रदेश वसलेला आहे. या प्रदेशाचा इतिहास म्हटला की १५३४ चा गुजरातच्या सुलतानाशी झालेला पोर्तुगीजांचा तह, १७३९ मधील चिमाजी अप्पांची मोहीम आणि १८०२ चा वसईचा तह हे तीन टप्पे अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. किल्ला, तह आणि सत्तांतर यांची कागदपत्रे उपलब्ध असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या पाण्याने या प्रदेशाला बंदर दिले, मासळी दिली, मीठ दिले आणि केळीच्या वाड्या दिल्या, त्याच पाण्याने दरवर्षी माणसेही नेली. या माणसांचा इतिहास लिहिला गेलेला नाही. बुडून मेलेला माणूस सरकारी दप्तरात ‘अकस्मात मृत्यू’ या सदराखाली एका ओळीची नोंद होऊन उरतो. आणि जो बुडताबुडता वाचला, त्याची तर नोंदही होत नाही. प्रथमोपचाराच्या इतिहासाची साधने म्हणूनच दुर्मीळ असतात. यशस्वी प्रथमोपचार आपल्यामागे कागद ठेवीत नाही.

वसईत पाण्याचा संबंध केवळ समुद्रापुरता नाही. वाड्यांमधील बावखले, रहाटाच्या विहिरी, मिठागरांचे कोंडे, पूर्वेकडील दगडखाणींत साचलेले पाणी, चिंचोटीचा धबधबा आणि पावसाळ्यात तुंबणारे सखल रस्ते ही सर्व बुडण्याची ठिकाणे आहेत. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. या दोन घटनांच्या आगेमागे येथे जी लोकवस्ती वाढली, तिच्यातील फार मोठा वर्ग समुद्राच्या भरती-ओहोटीशी परिचित नसलेला आहे. कोळ्याच्या मुलाला जे चालण्याबरोबर कळते, ते नालासोपाऱ्याच्या इमारतीत वाढलेल्या मुलाला सांगावे लागते. बुडालेल्या माणसाला वाचविण्याचे ज्ञान कसे घडले, ते या किनाऱ्यापर्यंत कोणत्या मार्गाने आले आणि येताना त्यातील कोणता भाग गळून पडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

पोटातील पाण्याची कल्पना :

बुडालेल्या माणसाच्या पोटात पाणी गेले आहे, ते बाहेर काढले की तो वाचेल, ही समजूत अतिशय जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, शरीरात शिरलेले शल्य काढण्यासंबंधीच्या सत्ताविसाव्या अध्यायात, पोट पाण्याने भरलेल्या माणसावरील उपाय सांगितले आहेत. त्याचे डोके खाली करून पोट दाबावे, त्याला हलवावे, ओकारी आणवावी, अथवा तोंडापर्यंत राखेच्या ढिगात पुरावे, असा त्यांचा आशय आहे. पाणी हेही येथे एक शल्यच मानलेले आहे, म्हणजे बाहेरून आत शिरलेली आणि म्हणून बाहेर काढावयाची वस्तू. शल्यतंत्राच्या दृष्टीने हा विचार सुसंगत होता. श्वास थांबणे आणि पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास मात्र जगाला पुढे अनेक शतके लागली.

या विचाराच्या खुणा लोकव्यवहारात आजही आढळतात. बुडालेल्या माणसाला पालथे घालून पाठीवर दाब देणे, पाय धरून उलटे टांगणे, खांद्यावर टाकून धावणे, कुंभाराच्या चाकावर घालून फिरविणे हे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र ऐकिवात आहेत. काही वर्षांपूर्वी मृतदेह मिठात पुरून ठेवल्यास काही तासांनी प्राण परत येतो असा संदेश भ्रमणध्वनीवरून देशभर पसरला आणि त्यावर विश्वास ठेवून निरनिराळ्या प्रांतांत तसे प्रयोगही झाले. राखेच्या जागी मीठ आले एवढाच फरक! ज्या वसईत मिठागरे पिढ्यान्पिढ्या चालत आली, तेथे या संदेशाला हसणे सोपे आहे. पण त्यामागे दीड-दोन हजार वर्षांची एक चिकित्सापरंपरा उभी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय ती समजूत दूर करता येणार नाही.

ही केवळ भारतीय समजूत नव्हे. युरोपातही बुडालेल्याला पिंपावर आडवे घालून लोळविण्याची पद्धत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील डॉ. हेन्री हाइमलिक यांनी घशात अडकलेला घास काढण्याची आपली पोट दाबण्याची पद्धत बुडालेल्यांसाठीही सुचविली होती. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये तिचा विचार करून ती अमान्य केली. फुप्फुसात जाणारे पाणी सामान्यतः थोडे असते आणि ते रक्तात लवकर शोषले जाते. पोट दाबल्याने पोटातील पाणी व अन्न वर येते आणि श्वासनलिकेत जाऊन उलट अपाय करते. त्याहूनही मोठी हानी वेळेची असते.

अ‍ॅम्स्टरडॅम, लंडन आणि मराठ्यांची वसई :

बुडालेला माणूस मेलेला दिसला तरी तो मेलेला असेलच असे नाही, या कल्पनेला संस्थात्मक रूप प्रथम हॉलंडमध्ये मिळाले. कालव्यांच्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरात १७६७ मध्ये बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या धर्तीवर लंडनमध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन वैद्यांनी १७७४ मध्ये जी संस्था काढली, तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. शरीराला ऊब देणे, तोंडाने किंवा भात्याने हवा भरणे आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हे तिचे उपाय होते. शेवटचा उपाय आज हास्यास्पद वाटतो, परंतु त्यासाठी लागणाऱ्या उपकरणांच्या पेट्या त्या काळी टेम्स नदीच्या काठी ठेवलेल्या असत. सर्वसामान्य माणसाच्या हाताशी जीवरक्षणाचे साधन असावे, हा विचार त्या पेटीत होता. आज रेल्वे स्थानकांवर किंवा विमानतळांवर विजेचा धक्का देऊन हृदय चालू करणारे यंत्र भिंतीवर दिसते, त्याचा पूर्वज तोच.

१७७४ हे वर्ष वसईच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. वसई त्या वेळी मराठ्यांकडे होती आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी खाडीपलीकडचे ठाणे व साष्टी घेतली. १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसईचा किल्ला जिंकला आणि सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांना परत मिळाला. इंग्रजांच्या तोफा या किनाऱ्यावर आल्या, त्यांच्या राजधानीतील जीवरक्षणाचा नवा विचार मात्र आला नाही. वसाहतीच्या इतिहासात ज्ञानाच्या प्रवासाचा वेग त्या ज्ञानाच्या उपयोगावर ठरत असे. कोळीवाड्यातील माणसाचा श्वास कंपनीच्या उपयोगाचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या शास्त्राने एक विचित्र वळण घेतले. तंबाखूचे विषारी परिणाम प्रयोगांनी सिद्ध झाल्यावर धूर मागे पडला. भात्याच्या दाबाने फुप्फुसांना इजा होते असे फ्रान्समधील प्रयोगांनी दाखविल्यावर भाताही गेला. तोंडाने श्वास देणे हे तर अशिष्ट म्हणून आधीच नावडते झाले होते. मग राहिले ते केवळ हात. मार्शल हॉल यांनी १८५६ मध्ये शरीर कुशीवर व पालथे वळविण्याची, हेन्री सिल्व्हेस्टर यांनी १८५८ मध्ये उताणे ठेवून बाहू वर-खाली करण्याची, एडवर्ड शेफर यांनी १९०३ मध्ये पालथे घालून पाठीच्या खालच्या भागावर दाब देण्याची आणि डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी १९३२ मध्ये पाठ दाबून कोपर उचलण्याची पद्धत सांगितली. सुमारे शंभर वर्षे जगाने या चार पद्धतींवर विसंबून काढली. मुखाने मुखात श्वास देण्याचा साधा उपाय दाई नवजात अर्भकासाठी करीत आली होती. तो शिष्टाचाराच्या आड गेला. सोवळ्या-ओवळ्याची कल्पना फक्त आपल्याकडेच होती असे मानण्याचे कारण नाही.

रेल्वे, कारखाना आणि शाळा :

‘प्रथमोपचार’ ही सामान्य नागरिकाने शिकावयाची विद्या म्हणून उभी राहिली ती लंडनमध्ये १८७७ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशनमुळे. तिचे पहिले वर्ग १८७८ मध्ये वुलिच येथे घेणारे लष्करी डॉक्टर पीटर शेफर्ड दुसऱ्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इसान्डल्वानाच्या लढाईत मरण पावले. त्यांची पुस्तिका मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ही चळवळ भारतात आली ती छावण्या, पोलीस आणि रेल्वे यांच्या वाटेने. वसईपुरते बोलायचे तर तिचा मार्ग रेल्वेचा होता. विरारहून मुंबईकडे १८६७ मध्ये गाडी सुरू झाली आणि बी.बी.सी.आय. रेल्वेने या पट्ट्याला मुंबईशी जोडले. पुढे गार्ड, स्टेशनमास्तर आदी कर्मचाऱ्यांसाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र ही नोकरीची बाब झाली. शिस्तबद्ध प्रशिक्षण घेतलेला माणूस या प्रदेशात प्रथम भेटला असेल तर तो फलाटावर, किनाऱ्यावर नव्हे.

१९२० च्या अधिनियमाने भारतीय रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळण्यास प्रमाणपत्रधारक जबाबदार व्यक्ती आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष अशी तरतूद केली. वालीव व गोखिवरे परिसरातील औद्योगिक वसाहती वाढल्या तेव्हा हेच कलम लागू होते. परंतु या वसाहतींत लहान गाळ्यांचे प्रमाण फार असल्याने पेटी भिंतीवर आणि प्रमाणपत्र फाइलीत असेच चित्र अनेकदा राहिले, हे येथील उद्योगांशी परिचित असणाऱ्या कोणासही मान्य व्हावे. शाळांमध्ये राष्ट्रीय छात्रसेना आणि १९५० मध्ये एकत्र आलेली भारत स्काउट्स आणि गाइड्स संघटना यांनी प्रथमोपचार शिकविला. त्रिकोणी पट्टी, झोळी, हाड मोडल्यास लाकडी पट्टीचा आधार हे धडे अनेक पिढ्यांच्या हातात बसले.

या सर्व व्यवस्थेत मासेमार कोठेच नव्हता. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर येथील मासेमारी, होड्या आणि बंदरे यांची बारीक माहिती देते. सरकारला त्यांच्या उत्पन्नाची जाण होती. पण अर्नाळा, नायगाव किंवा पाचूबंदरच्या तांडेलाला व खलाशांना हे शिक्षण मिळावे अशी सोय प्रशिक्षणाच्या नियमांत नव्हती. कारण तो कोणाचा नोकर नव्हता. आणि तरीही संकटात प्रत्यक्ष पाण्यात उतरणारा तोच होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळी होड्यांनी काही प्रवाशांना वर काढले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटून तीन मुलींचा मृत्यू झाला, तेव्हाही स्थानिक मच्छीमार प्रथम पोहोचले. दोन घटनांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे. तटरक्षक दल आले, भ्रमणध्वनी आले, पण पहिला हात त्याच समाजाचा राहिला.

छाती आणि श्वास :

आधुनिक जीवनरक्षक पद्धतीचा जन्म अमेरिकेत बाल्टिमोर शहरात झाला. जेम्स एलम यांनी उच्छ्वासातील हवा दुसऱ्या माणसाला जगविण्यास पुरेशी आहे असे दाखविले. तिच्यात सुमारे १६ टक्के प्राणवायू असतो. पीटर सफार यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वेच्छेने पुढे आलेल्या डॉक्टर व विद्यार्थ्यांना स्नायू शिथिल करणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबविला आणि सामान्य माणसांकडून त्यांना मुखाने श्वास देवविला. डोके मागे कलते करून हनुवटी उचलल्याशिवाय हवा आत जात नाही, आणि जुन्या हस्तपद्धतींनी श्वासमार्ग बहुधा बंदच राहतो, हे या प्रयोगांनी निर्विवाद झाले. शंभर वर्षांची चार पद्धतींची इमारत कोसळली. त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० मध्ये छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले. त्यांच्या वीस रुग्णांपैकी चौदा वाचले होते. यांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते ही गोष्ट बहुविद्याशाखीय अभ्यासाचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. श्वास आणि दाब या दोन्हींचा संगम म्हणजेच आजचे सीपीआर. सरावासाठी नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आसमुंड लेर्दाल यांनी जो पुतळा १९६० मध्ये केला, त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत बुडालेली अनामिक मुलगी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. या विद्येच्या मुळाशी बुडालेला माणूस आहे, याची ही खूण आजही प्रत्येक प्रशिक्षणवर्गात जमिनीवर पडलेली असते.

पुढच्या काळात मात्र या विद्येचे केंद्र नदीकाठावरून हृदयविकाराकडे सरकले. अचानक हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून त्याच्या बाबतीत छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणे हेच निर्णायक ठरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये केवळ हातांनी करावयाच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि २०१० मध्ये श्वासमार्ग, श्वास, दाब हा क्रम बदलून दाब प्रथम आणला. भारतात इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ दाबाची पद्धत मांडली. परक्या माणसाच्या मुखाला मुख लावण्याचा संकोच आणि शिकविण्यातील सुलभता पाहता हा निर्णय व्यवहार्य होता आणि त्यामुळे हजारो विद्यार्थी, पोलीस व कर्मचारी यांच्यापर्यंत ही विद्या पोहोचली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो किनाऱ्याचा. बुडालेल्या माणसात क्रम उलटा असतो. आधी श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू संपतो आणि मग हृदय बंद पडते. पाण्याबाहेर काढले तेव्हा अनेकदा हृदय मंद का होईना चालू असते आणि वेळीच मिळालेले चार-पाच श्वास त्याला परत आणू शकतात. प्राणवायू नसलेले रक्त नुसते फिरवून मेंदू वाचत नाही. म्हणूनच २०१० च्या बदलातही बुडालेल्यांचा अपवाद ठेवला होता. युरोपीय मार्गदर्शक सूचना आरंभी पाच श्वास देण्यास सांगतात. आणि अमेरिकेतील २०२४ च्या सुधारित सूचनांनी प्रशिक्षित व्यक्तीने श्वासापासून सुरुवात करावी हे पुन्हा स्पष्ट केले. ज्याला श्वास देता येत नाही त्याने निदान दाब तरी द्यावा, हे खरेच. तथापि ज्या तालुक्यात पाणी हाच मोठा धोका आहे, तेथील महाविद्यालयांत होणाऱ्या एका तासाच्या शिबिरात श्वासाचा भाग वगळला जात असेल, तर ते शिबिर शहरासाठी रचलेले आहे आणि येथे केवळ भरवले गेले आहे, असेच म्हणावे लागेल.

पाणबुड्यांचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. वसईचे पाणी गढूळ असल्याने येथे हौशी पाणबुडेगिरी रुजली नाही. ती सिंधुदुर्गात मालवण-तारकर्ली येथे वाढली आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत तिच्या प्रशिक्षणासाठी संस्था उभारली. दाबाखालील हवा श्वासात घेऊन वेगाने वर आल्यास रक्तात वायूचे बुडबुडे होतात. अशा रुग्णाला आडवे ठेवून शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो आणि पुढे दाबकक्षात न्यावे लागते. नौदलाची अशी सोय मुंबईत ‘अश्विनी’ रुग्णालयाच्या आवारात आहे. मालवणपासून ते अंतर केवढे, हे कोकणातील वाचकाला सांगावयास नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. त्यांचा मृत्यू खोल पाण्यातील वायूने नव्हे, किनाऱ्याजवळच्या लाटेने झाला.

आजची स्थिती :

अलीकडच्या काळात वसईने पाण्याची दोन रूपे पाहिली. एका धुळवडीच्या दिवशी कळंबच्या किनाऱ्यावर पाच जण बुडाले. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-विरार दरम्यान रूळ पाण्याखाली जाऊन गाड्यांमधील प्रवाशांना आणि मिठागरात अडकलेल्या कुटुंबांना बोटींनी बाहेर काढावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये विरारमधील एका खासगी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत चार कामगार गुदमरून मेले. टाकी असो वा विहीर, अशा अनेक दुर्घटनांत एकापाठोपाठ एक माणूस आधीच्याला काढण्यासाठी उतरतो आणि तोही वर येत नाही. प्रथमोपचाराचा पहिला धडा स्वतःच्या सुरक्षिततेचा असतो, दोर, बांबू, रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकण्याचा असतो. तो पट्टी बांधण्याच्या धड्यापूर्वी शिकवावयास हवा. सण-उत्सवांतील गर्दी हाही एक विषय आहे. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांच्या दंशाने कित्येक भाविक जखमी झाले. पाकटाच्या दंशावर सोसेल इतके गरम पाणी हा उपाय आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक होते.

२०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पण प्राणवायूविना मेंदूला इजा होण्यास चार ते सहा मिनिटे पुरतात. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर होडीशिवाय जाता येत नाही; राजोडी किंवा भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी वाहन पोहोचणेच कठीण असते. रुग्णवाहिका येईपर्यंतची वेळ ही किनाऱ्यावरच्या माणसांची वेळ आहे. त्यांत कोळी आहेत, शहाळेवाले आहेत, घोडागाडीवाले आहेत, सहलीचे शिक्षक आहेत. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची सलग व्यवस्था उभी केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला आहे आणि त्यात सामान्य जनांच्या प्रशिक्षणाला स्थान आहे.

मदत करणाऱ्याच्या मनातील भीती मात्र केवळ अज्ञानाची नसते. पोलीस ठाण्याच्या खेपा, जबाब, पंचनामा यांचा धाक रस्त्यावरच्या अपघातात होता तसाच किनाऱ्यावरही आहे. रस्ते अपघातांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १३४-अ हे कलम घातले गेले. ते कलम मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे. कळंबच्या लाटेतून एखाद्याला बाहेर काढून त्याला श्वास देणारा माणूस त्याच्या कक्षेत येत नाही.